अर्थिंगचं मीठ

गिझरचा नळ सोडताना करिश्माला करंट लागला. ती मागे आपटली, कपाळाला चार टाके पडले. तिची सासू बायजा तडक खाली उतरली. तिने नव्या इमारतीचा मेन स्विच बंद करायला लावला आणि बिल्डर सर्वेशला ठाण्याच्या ऑफिसातून दिवा गावात बोलावून घेतलं. जमीन बायजाची होती. त्या बदल्यात मिळालेल्या फ्लॅटात राहायला येऊन आठच दिवस झाले होते.

सर्वेश इस्त्रीच्या शर्टात आला. इमारतीमागे अर्थिंगच्या खड्ड्यावरच्या हिरव्या झाकणाकडे आणि त्यात शिरणाऱ्या तारेकडे बोट करून, लहान पोराला सांगावं तसं सावकाश सांगू लागला. धातूतून वीज पळते, कुठे गळालीच तर या तारेतून जमिनीत उतरते, माणसाला काही होत नाही. खाली तांब्याची प्लेट आहे, कोळसा आहे, मीठ आहे.

बायजा इतका वेळ त्याच्या बुटांकडे बघत होती. मिठाचं नाव निघालं तशी तिने मान वर केली.

"मीठ कवरा टाकलास?"

"दोन गोणी, आजी. मीठ ओल धरून ठेवतं. तुम्हाला नाही कळायचं ते."

बायजाचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं होतं. तिने विकीला, मुलाला, झाकण काढून कुदळ मारायला सांगितलं. हातभर खाली विटांचे तुकडे लागले, मग सिमेंटची रिकामी गोणी. विकीने हिरवी तार ओढली, तर ती अलगद सुटून हातात आली. टोकाचं प्लास्टिकसुद्धा कोणी सोललेलं नव्हतं.

सर्वेश म्हणाला, वायरमनने घोळ घातला असेल, उद्या माणूस पाठवतो.

बायजा वाकली. खड्ड्यातली चिमूटभर माती तिने जिभेवर ठेवली आणि सर्वेशच्या बुटांपाशी थुंकली. मग दुसरी चिमूट उचलून त्याच्या तोंडासमोर धरली.

"चाख."

तो हसला. दुसरं कोणी हसलं नाही. गॅलऱ्यांतून सगळी बिऱ्हाडं बघत होती आणि बायजाचा हात खाली येत नव्हता. शेवटी सर्वेशने जिभेचं टोक लावलं.

"हाय का मीठ?"

त्याच्या ओठांना माती लागली होती. तो खिशात रुमाल शोधत राहिला.