जत्रेचा दिवस
पुण्याहून आलेली पोरगी ओट्यावर बसली. मागं आमच्या वरवंड गावात कोण काय खातं याची पाहणी झाली होती. ती माहिती पुन्हा वापरण्याजोगी आहे का, हे तिला तपासायचं होतं. "आजी, तेव्हा तुमच्या घरी पाटीभर भाकऱ्या तोलल्याची नोंद आहे. रोज एवढ्या लागायच्या?" "खुळी का काय गं? जत्रा होती. पोरं, सुना, नातवंडं समदी आली होती." "मग तो दिवस वगळावा लागेल. पाहुणे असले की तो हिशेबात धरत नाहीत." "माझीच लेकरं पाहुणी व्हय?" भरल्या घराचा तेवढाच दिवस कुठंतरी लिहिलेला होता. खोटं बोलून वाचवला असता, पण खोटं माझ्या तोंडाला शोभत नाही. तिनं मोबाइलवरून तो दिवस खोडला. "त्याच्या जागी कालचा लिहिते. काल काय जेवलात?" "दूध-भाकर. परवाबी तीच, तेरवाबी. ह्यो दिस पक्का हाय पोरी, कितीबी वेळा वापर."