मागच्या सीटवर दादा

गाडी फाटकातच डावीकडे कलली. मागच्या सीटवर दादा, दोन्ही बाजूंना सामानाचे डबे आणि जमिनीला जेमतेम टेकलेले, गाडी चालवणाऱ्या चिमणीचे चवडे. त्यात हँडल वळलेलं आणि पुढचा ब्रेक घट्ट आवळलेला.

"दादा, उतर! पडतेय!"

"उतरत नाही," मागून शांत आवाज आला. "ब्रेक सोड. हँडल सरळ कर. आता क्लच, हळू."

तिने ऐकलं. गाडी हातभर पुढे सरकली आणि सरळ उभी राहिली, जशी काही कललीच नव्हती. पायरीवरच्या वहिनीने कपाळाला हात लावला. "कुठे आडवे झालात तर दोघांनाही घरात घेणार नाही," ती म्हणाली आणि फाटक धरायला स्वतःच पुढे आली.

गाडी दादाची. डोळे होते तोवर त्याने तिच्यावरून मुलूख पालथा घातला होता. काचबिंदूने आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही सगळं खाल्लं. आता उजेडसुद्धा कळणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून गाडी शेडमध्ये आणि दादा खुर्चीत, दोघांवरही धूळ बसत चालली होती. शेवटी वहिनीनेच विषय काढला. कुणीतरी ती चालवा, नाहीतर विकून मोकळे व्हा. विकायचं म्हटल्यावर दादाची धाकटी बहीण हट्टाला पेटली. उंचीने घरात सगळ्यांत कमी म्हणून तिला चिमणी म्हणायचे. ती तलावावर पोरांना पोहायला शिकवायची. तिने परवाना काढला, ते धूड एकटीने हाताखाली आणलं. मागे माणूस बसवायची वेळ मात्र आज पहिलीच.

मागे माणूस बसला की गाडी बदलते, हे तिने ऐकलं होतं. आता अंगाने कळत होतं. थांबायला वेळ लागत होता. ब्रेक जरा जोरात दाबला की दादाचं हेल्मेट तिच्या हेल्मेटवर टक्‌कन आपटायचं.

"या, आत या, दार उघडंच आहे," दादा म्हणायचा.

घाबरलेली असूनही तिला हसू यायचं.

गंमत वळणांवर होती. वळण यायच्या जरासं आधीच दादा अंग हलकेच आत झुकवायचा. डावं वळण असलं की डावीकडे, उजवं असलं की उजवीकडे. एकदाही चुकला नाही. रस्ता पाठ असणार, तिला वाटलं. या वाटेने हजारदा गेलाय तो. पुढे फाटा आला, तिथे तिने काही न बोलता गाडी धरणाकडच्या नव्या रस्त्याला घातली. हा रस्ता झाला तो दादाचे डोळे गेल्यानंतर.

पहिलं वळण उजवं होतं. तिने हँडलला हात लावायच्या आत पाठीमागचं वजन उजवीकडे सरकलं.

याला दिसतंय की काय?

दुसऱ्या वळणालाही तेच झालं, तिसऱ्यालाही. डॉक्टर चुकले असतील तर? माणसंच ती. तिला तिथल्या तिथे वहिनीला फोन करावासा वाटला. एका पुलाच्या कठड्याशी तिने गाडी थांबवली. वळून दादाच्या हेल्मेटची काच वर केली आणि त्याच्या डोळ्यांसमोरून हात फिरवला.

"वारा घालतेस होय?" दादा म्हणाला. डोळे जागचे हलले नव्हते.

"खरं सांग दादा. हा रस्ता नवा आहे. तू इथे कधीच आला नाहीस. मग वळण कळतं कसं?"

"रस्ता कुणी बघितलाय?" दादा हसला. "तुझ्या कमरेला धरून बसलोय ना मी. वळण आलं की तू श्वास रोखतेस. बरगड्या हलायच्या थांबतात. मग ज्या बाजूला वळायचं, तिकडचा खांदा वर चढतो. दिवसभर पोरांना 'श्वास सोडा' म्हणून ओरडतेस आणि स्वतः मात्र पाण्यात बुडाल्यासारखी गाडी चालवतेस."

चिमणीने मान फिरवली. फोन खिशातच राहिला. खालच्या पाण्यावर ऊन नुसतं लखलखत होतं आणि हे त्याला सांगावं की नाही, तिला ठरवता येईना.

"रडतेस?"

"नाही."

"मग चल. आणि मला वळण कळावं म्हणून घाबरत बसू नकोस. मी आपला पोत्यासारखा बसेन."

"पुढे पाटी दिसतेय," ती नाक पुसत म्हणाली. "उतारावर मोठ्ठं वळण आहे. नीट धर."

उतार लागला. तिने आधीच गिअर खाली घेतला. मागच्या ब्रेकवर पाय नुसता टेकवला. चाकापुढच्या डांबराकडे बघायचा मोह आवरला आणि नजर दूर टाकली, जिथे रस्ता वळणातून बाहेर पडत होता. मग पाण्यात तोंड घातल्यावर सोडतात तसा श्वास सावकाश सोडला. खांदे आपोआप खाली आले. गाडी, डबे, दोन माणसं, सगळं मिळून वळणात उतरलं. कुठे हिसका नाही, कुठे ओढ नाही. बाजूचा डोंगर फिरत फिरत पार मागे गेला. समोर सरळ रस्ता आला, तरी पाठीमागचं वजन जागचं हललं नव्हतं.

थोडं पुढे गेल्यावर दादाने तिच्या खांद्यावर थोपटलं.

"चिमणे, ते मोठ्ठं वळण कधी येणार गं?"