बंदरात येऊ नका

ओहोटी लागली होती आणि वादळ जवळ आलं होतं. एके काळी गलबतं लागायची, त्या बंदरात आता गाळ साचला होता. अशा वेळी आत शिरणारी होडी खाडीच्या तोंडाशी आपटून फुटणार, याची म्हाताऱ्या धर्मा तांडेलाला खात्री होती. त्याने धक्क्यावरून लाल फडकं हलवलं.

त्याच्या मुलाने ते पाहिलं आणि होडी पुन्हा समुद्राकडे वळवली. मागून येणाऱ्या हिराजीने मात्र म्हाताऱ्याला जुमानलं नाही. तो सरळ आत शिरला आणि सुखरूप धक्क्याला लागला.

मुलगा परतला नाही.

तेराव्या दिवशी सून धर्मासमोर ताट ठेवून वळली.

"काहीतरी बोल, पोरी," तो म्हणाला. "शिव्या तरी दे."

"काय बोलू, मामंजी? त्यांनी तुमचं ऐकलं."