धरलेली जागा

"आई, तू पुढे जाऊन दोन जागा धर. आम्ही बाळाला घेऊन आलोच," मुलगा म्हणाला, तशी ती तरातरा धक्क्यावर गेली. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बस असो, लग्नाचा हॉल असो की दवाखान्यातला बाक, ती गर्दीत घुसायची, रुमाल टाकायची आणि घरचे आले की निमूट उठायची. या बेटावरही तिला म्हणे आरामाला आणलं होतं. आल्यापासून नातू काही कडेवरून उतरला नव्हता.

डॉल्फिन बघायला निघालेल्या बोटीत तिने अगदी पुढचा बाक पकडला. मुलगा आणि सून धावतपळत आले. मुलाने धक्क्यावरूनच बाळ पुढे केलं.

"ऊठ आता, आई. याला घे आणि खोलीत निवांत पड. बोटीत तुला उगाच चक्कर येईल."

तिने लाइफ जॅकेटचा पट्टा करकचून आवळला. "मी नाही उठणार."

"अगं, पण जागा दोनच आहेत!"

"माहीत आहे. मीच धरल्यात." तिने शेजारचा रुमाल उचलला आणि सुनेकडे बघितलं. "ये गं, बस."

सुनेने नवऱ्याकडे वळूनही पाहिलं नाही. टुणकन बोटीत उतरली.

बोट सुटली. बाळाला कवटाळून मुलगा आ वासून उभा. तिने रुमालाचा बोळा करून त्याच्याकडे भिरकावला.

"खोलीबाहेरच्या आरामखुर्चीवर टाक तो," ती ओरडली, "आणि मी येईपर्यंत तिथे कुणाला बसू देऊ नकोस!"