वाळक्या पानांना पाणी

वाळलेल्या पानांना कुणी पाणी घालतं का? शालनच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. तिच्या होमस्टेमध्ये उतरलेले पाहुणे रानातून पाचोळा गोळा करत, भेटकार्डांवर चिकटवायला म्हणे, आणि रोज सकाळी दार लोटून घेऊन त्या पाचोळ्याच्या डब्यात पाणी शिंपडत.

आज ते निघाले. सामान गाडीत ठेवताना शालनने मुद्दाम तो डबा उचलला, झाकण काढलं आणि आत हलकेच फुंकर घातली. पानं थरथरली आणि पुन्हा निपचित पडली. काही पानं मात्र डुलतच राहिली. फुंकरीला वारा समजून डोलायला लागलेली, थांबायचं विसरली होती. त्यातल्या एका पानाने तिकोनी डोकं वळवून तिच्याकडे पाहिलं. पुढचे पाय छातीशी जोडलेले. खंडोबाचे किडे, वाळक्या पानाचं सोंग घेतलेले. असले किडे शौकिनांना विकणारे फिरतात, हे तिच्या कानावर होतं.

"काय आहे हो यात?"

"पानंच आहेत, ताई. दुसरं काय असणार?" पाहुण्यांनी घाईने हात पुढे केला.

"मग असली फाटकीतुटकी कशाला नेता? थांबा, चांगली देते." तिने डबा कुंपणापलीकडे रानात उपडा केला.

शालनने अंगणातला पाचोळा डब्यात गच्च भरला, झाकण लावलं आणि डबा त्यांच्या हातात ठेवला.

"वाटेत पाणी घालायला विसरू नका."