आज तीट नाही?

चार वर्षांच्या मनवाचा फोटो ऋतिकाने हौसेने इन्स्टावर टाकला. खाली एका अनोळखी बाईची कमेंट आली: ‘आज गालावर तीट नाही लावलीस गं?’

ऋतिका चरकली. रोज लावायची, आजच विसरली होती.

“असेल सोसायटीतली कुणी मावशी,” ऑफिसला निघताना नवरा हसला. “तूच ना अख्ख्या बोरीवलीला पोर दाखवतेस!”

ते तिला लागलं. तिने बाईला ब्लॉक केलं, मनवाचे सगळे फोटो काढून टाकले, अकाउंटच बंद केलं. मग कुठे जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून मनवा धावत आली. गालावर काजळाची ठसठशीत तीट होती, अजून ओली.

“कुणी लावली गं?”

मनवाने खोलीकडे बोट दाखवलं. “ती म्हणते, आता फोटो नाहीत ना, मग मी इथेच राहते.”