उघडं घरटं

रानबदकाच्या घरट्याच्या माझ्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. घरटं दाखवलं होतं तळ्याच्या राखणदारांनी. मादी अगदी वाळक्या गवताच्या रंगाची. त्यांनी बोट दाखवलं नसतं, तर माझा पाय तिच्यावरच पडला असता. म्हणून प्रदर्शनाला त्यांना आग्रहाने बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"तुमच्यामुळे मिळालं हे," मी म्हटलं.

"छे हो, माझं काय! पण यंदा त्या बयेने घात केला बघा. नर काय, हिरवं डोकं मिरवणार आणि अंडी झाली की पसार होणार. सगळं हिच्यावर. दरवर्षी स्वतःच्या छातीची पिसं उपटून घरट्यात घालते, चरायला उठली की तीच अंड्यांवर पांघरून जाते. यंदा मेली तशीच उघडी टाकून गेली. कावळ्यांनी एक ठेवलं नाही. तोंडाला येईल ते बोललो मी तिला. म्हटलं, आई आहेस की वैरीण?"

बोलता बोलता खिशातला चष्मा लावून ते फोटोजवळ गेले. नऊ हिरवट अंडी, लख्ख उन्हात. खालच्या कोपऱ्यात, जराशी अंधुक, ती चरायला गेल्यावर मी बाजूला सारलेली आणि परत घालायची विसरलेली पिसं.

त्यांचं बोट कोपऱ्यातल्या त्या पिसांवर जाऊन थांबलं. माझी मान वर होईना. मग चष्मा पुसत ते हळूच म्हणाले,

"उगाच बोललो तिला."